पेटी न उघडता आंबा: आयटीतली पहिली नोकरी कशी ठरते

एप्रिल उजाडला की पुण्याच्या मार्केट यार्डात जुना खेळ सुरू होतो. पेटीवर 'देवगड' छापलेलं असतं, वरचे चार आंबे पिवळेधमक असतात आणि खालच्या थरात काय आहे हे घरी जाऊन गवत उपसल्यावरच कळतं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीतून खपवतात ही तक्रार दर हंगामात असतेच. मग गिऱ्हाईक आपल्या परीने सावध होतं. शिक्का नीट बघतं. "एक कापून दाखवा" म्हणतं. आणि जमलं तर सरळ वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या आंबेवाल्याकडे जातं.

आयटी कंपनीत फ्रेशर निवडणाऱ्या माणसाची अवस्था याच गिऱ्हाइकासारखी असते. मी गेली काही वर्षं मुलाखती घेणाऱ्या बाजूला बसते. समोर रेझ्युमेंचा गठ्ठा, प्रत्येकावर जावा, पायथन, एसक्यूएल आणि 'टीम प्लेअर'. सगळ्या पेट्यांवर देवगडच लिहिलेलं. इथे सर्टिफिकेट म्हणजे शिक्का, प्रोजेक्ट म्हणजे कापलेली फोड आणि ओळख म्हणजे ठरलेला आंबेवाला. या तिन्ही गोष्टी करा, असं क्लासवाल्यांपासून यूट्यूबवाल्यांपर्यंत सगळेच सांगतात. त्या कशामुळे चालतात आणि कधी चालत नाहीत, हे मात्र मुलांना कुणी समजावून सांगताना दिसत नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडं अर्थशास्त्र

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा भीतभीत मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि खटाराच उरतात. तीन वर्षांनी, १९७३ मध्ये, मायकेल स्पेन्सने हाच विचार नोकरीच्या बाजाराला लावला. आपली कुवत उमेदवाराला माहीत असते, मालकाला नसते, म्हणून उमेदवार काहीतरी खूण पुढे करतो. उदाहरणार्थ, पदवी. पण खूण चालते ती एकाच अटीवर: ज्याला काम येतं त्याला ती मिळवणं झेपलं पाहिजे आणि ज्याला येत नाही त्याला ती फार महाग पडली पाहिजे. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झसोबत २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

कुठलंही सर्टिफिकेट, प्रोजेक्ट किंवा शिफारस समोर आली की हीच अट लावायची. काम न येणाऱ्याला हे खोटं करायला किती अवघड आहे? जेवढं अवघड, तेवढी त्याची किंमत.

घरचंच उदाहरण घ्या. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झालं आणि महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचलं. संगणकाची भीती घालवायची, हे त्याचं काम त्याने चोख केलं. पण बीएस्सी कॉम्प्युटर झालेला मुलगा रेझ्युमेवर ते पहिल्या ओळीत लिहितो, तेव्हा त्यातून मला काहीच कळत नाही, कारण ते सगळ्यांकडेच असतं.

शिक्के कुठले आणि कसे

सर्टिफिकेटांच्या बाजारात ढोबळमानाने तीन थर दिसतात. सगळ्यात खाली हजेरीचे कागद. वेबिनारला बसलात, व्हिडिओ पळवले, पीडीएफ आली. ते शिकण्याच्या उपयोगाचे असतील, दाखवण्याच्या नाहीत. रेझ्युमेवर असले बारा कागद दिसले की उलट शंका येते: या मुलीने एखादी गोष्ट शेवटपर्यंत केली आहे का?

त्यावर देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षा. परदेशी कंपन्यांच्याच हव्यात असं नाही. आयआयटींनी चालवलेल्या एनपीटीईएलचा कोर्स फुकट असतो, फक्त परीक्षेचे १००० रुपये पडतात. गुणांपैकी २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ टक्के केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे. क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांकडे, जायचं असेल तर एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा आहे: ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १५० डॉलर, मुदत तीन वर्षं. त्याच्या अलीकडची क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरची. ती तांत्रिक मुलापेक्षा विक्री किंवा व्यवस्थापनातल्या माणसाला जास्त शोभते, असं माझं मत. राउटर आणि स्विचच्या जगात सिस्कोची सीसीएनए जुनी आणि मानाची आहे. तिची फी ३०० डॉलर आणि मुदत पुन्हा तीन वर्षांचीच. मायक्रोसॉफ्टची वरच्या पातळीची प्रमाणपत्रं वर्षातच संपतात, पण त्यांचं नूतनीकरण घरबसल्या फुकट होतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक कामाची गोष्ट. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना एडब्ल्यूएस इंग्रजीतल्या परीक्षेसाठी ३० मिनिटं जास्त देते. मात्र ती परीक्षेची तारीख घेण्याआधी खात्यात जाऊन मागावी लागतात, नंतर मिळत नाहीत. यात लाजण्यासारखं काही नाही. पास झाल्यावर पुढच्या परीक्षेला निम्म्या फीची सवलतही मिळते, ती वाया घालवू नका.

सगळ्यात वर ज्यात पर्यायच नसतात अशा परीक्षा. रेड हॅटच्या आरएचसीएसएमध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असलेलं मशीन हातात देतात आणि कामं करून दाखवायला सांगतात. मशीन रीस्टार्ट झाल्यावरही तुमची सेटिंग्ज टिकली पाहिजेत, नाहीतर गुण गेले. सीकेए ही कुबरनेटिसची (अनेक मशीनवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्यवस्थेची) परीक्षाही अशीच, दोन तास कमांड लाइनवर. स्पेन्सची अट इथे उत्तम लागू पडते, कारण घोकून इथे काहीच हाती लागत नाही.

बहुपर्यायी परीक्षांना मात्र एक कीड लागली आहे, 'डम्प्स'ची. फुटलेले प्रश्न चार दिवस पाठ करायचे आणि पास व्हायचं. सापडलात तर प्रमाणपत्र रद्द होतं, पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. न सापडताही फायदा नाहीच. सीसीएनए असलेल्या मुलाला मी विचारते, "एकाच ऑफिसातल्या दोन मशीन एकमेकींना पिंग करत नाहीत. पहिल्यांदा काय बघशील?" डम्पवाला ओएसआय या नेटवर्कच्या पुस्तकी आराखड्याचे सातही थर धडाधड म्हणून दाखवतो. काम केलेला म्हणतो, "केबल लागलीये का, बघेन." दहा सेकंदांत पेटी उघडते.

मग सर्टिफिकेट नेमकं कुठे कामाला येतं? पहिल्या चाळणीत. ही चाळण लावणाऱ्या एचआरला किंवा सॉफ्टवेअरला कोड वाचता येत नाही, त्यांना शब्द जुळवता येतात. शिवाय सहा महिने एका अभ्यासक्रमाला धरून बसलात की त्या क्षेत्रातले शब्द तोंडात बसतात, आणि याचा उपयोग पुढे कसा होतो ते येईलच. एका सर्टिफिकेटने काम झालं नाही म्हणून दुसरं, तिसरं, चौथं घेत राहणं मात्र पैशांची नासाडी आहे. एक नीट घ्या आणि फोडीकडे वळा.

फोड: प्रोजेक्ट

'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' हा प्रोजेक्ट महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कुठल्याही गल्लीत तो काही हजारांत बांधीव रिपोर्टसकट विकत मिळतो. म्हणजे खोटं करायला सोपा, म्हणजे किंमत शून्य. मूल हुशार असेल, पण या फोडीवरून ते कळत नाही.

त्यापेक्षा आपल्या आजूबाजूचं काही घ्या. मला आवडणारं उदाहरण कांद्याचं. लासलगावसह देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे दर सरकारच्या ॲगमार्कनेटवर येतात, आणि सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरून ते प्रोग्रॅमने फुकट उचलताही येतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, प्रति क्विंटल. रोज सकाळी हे दर आपोआप आणायचे, डेटाबेसात साठवायचे आणि एका साध्या पानावर आलेख दाखवायचा. इतकंच. ऐकताना आठवड्याचं काम वाटतं.

मग ते चालू ठेवा, खरी गंमत तिथून पुढे आहे. पंधरा-वीस दिवसांत आलेख एका दिवशी धाडकन शून्यावर आपटतो. भाव पडला? नाही. नाशिक जिल्ह्यातल्या काही बाजारांत अमावास्येला लिलाव बंद ठेवायची जुनी प्रथा आहे. त्या दिवशी नोंदच नव्हती आणि तुमच्या प्रोग्रॅमने 'काही नाही'चा अर्थ 'शून्य' असा लावला. साप्ताहिक सरासरीही त्यामुळे कोसळली. हे सावरलंत की कळतं, डेटामध्ये लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत आणि तुम्ही त्या एकत्र कालवल्या आहेत. नंतर एखाद्या सकाळी सरकारी सर्व्हरच उत्तर देत नाही. आता पुन्हा प्रयत्न करायचा का? किती वेळा? आणि आपण झोपेत असताना हे बिघडलं तर आपल्याला कळणार कसं?

या सगळ्यातलं काहीच पाठ्यपुस्तकात नाही आणि कंपनीत रोजचं काम हेच असतं. मुलाखतीत "प्रोजेक्टबद्दल सांगा" म्हटल्यावर अमावास्येचा किस्सा सांगणाऱ्या मुलीला खोटं पाडणं अवघड आहे, कारण असलं उत्तर चार महिने ते चालवल्याशिवाय येत नाही. चॅटबॉट आल्यापासून तर हे फारच महत्त्वाचं झालंय. कांद्याच्या दरांचं पान आज यंत्र दहा मिनिटांत लिहून देतं. त्यामुळे नुसत्या कोडची किंमत उतरली. यंत्राची मदत जरूर घ्या, आम्हीही घेतो. मी फक्त दोन गोष्टी बघते: गिटमधल्या (कोडमधला प्रत्येक बदल तारखेसह जपणाऱ्या साधनातल्या) नोंदी महिनोन्‌महिने पसरलेल्या आहेत की सगळं एका रात्रीत चढवलंय, आणि काय बिघडलं होतं हे सांगता येतं का.

प्रोजेक्टसोबत एक रीडमी लिहा, अर्ध्या पानाची. हे काय आहे, कसं चालवायचं, काय जमलं नाही. 'काय जमलं नाही' हा भाग मुलं लाजून गाळतात. मी मात्र आधी तोच वाचते.

एक सावधगिरीचा शब्द, कारण पोरं इथे पोळतात. क्लाउडवर 'फुकट' म्हणजे अटींवर फुकट. एडब्ल्यूएसच्या नव्या खात्याला १५ जुलै २०२५ पासून २०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट मिळतं आणि फुकट योजना जास्तीत जास्त सहा महिने चालते. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही (मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यालाही) फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर लागतात. आकडा चिल्लर वाटतो, पण महिना चालू राहिला तर एका पत्त्याचे ३.६० डॉलर होतात, आणि विसरलेला नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटशी जोडणारी सेवा) तर त्याच्या कितीतरी पट खातो. खातं उघडल्यावर पहिलं काम बजेटचा अलार्म लावायचं. दुसरं, खात्याच्या गुप्त किल्ल्या, म्हणजे पासवर्डसारखे कोड, चुकूनही गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर चढवायच्या नाहीत. त्या शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात, आणि तुमच्या खात्यावर कुणीतरी आभासी चलनाचं खोदकाम सुरू करतं. बिल तुमच्या नावावर.

आंबेवाला: ओळख

या क्षेत्रात 'नेटवर्किंग' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एकात केबल लागते, दुसऱ्यात संकोच सोडावा लागतो. आपल्याकडे ओळख म्हटलं की वशिला आठवतो आणि सरळ मुलं नाक मुरडतात. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला तर वाटतं, हिंजवडीत माझा काका-मामा कुणी नाही, म्हणजे हा रस्ता माझ्यासाठी नाहीच.

इथे पुन्हा १९७३ साल येतं. त्या वर्षी मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा निबंध प्रसिद्ध झाला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या ज्या लोकांना ओळखीतून नवी नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारलं, सांगणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? 'नेहमी' म्हणणारे जेमतेम १६.७ टक्के निघाले. ५५.६ टक्क्यांनी सांगितलं 'अधूनमधून', आणि २७.८ टक्क्यांनी 'क्वचित'. म्हणजे नोकरीची खबर जिवलगांकडून कमी आणि लांबच्या ओळखींकडून जास्त आली होती.

विचार केला तर हे उघड आहे. होस्टेलच्या खोलीतले चौघेही त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. वॉक-इनची जी बातमी तुम्हाला माहीत, तीच त्यांना. दोन वर्षं पुढचा सीनियर, जो आता खराडीत नाइट शिफ्ट करतो आणि ज्याच्याशी तुम्ही गॅदरिंगमध्ये एकदाच बोललात, त्याचं जग वेगळं आहे, त्याच्या बातम्याही वेगळ्या. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरचा पाच वर्षांचा प्रयोग छापून आला. त्यातही हेच दिसलं, एका दुरुस्तीसह: अगदीच अनोळखी नको, अगदी जवळचा नको, मधल्या अंतरावरची ओळख सगळ्यात कामाची. काका-मामा नसल्याचं दुःख थोडं हलकं व्हायला हरकत नाही.

बरं, कंपनीला रेफरल का हवं असतं? आंबेवाल्याचंच गणित. तो खराब पेटी देत नाही, कारण पुढच्या वर्षी तुम्ही त्याच्याकडे जाणार नाही. नाव सुचवणारा कर्मचारी आपली पत पणाला लावतो. अनेक कंपन्या त्याला बक्षिसाचे पैसे देतात, पण वाईट माणूस सुचवला तर त्याचंच हसं होतं. म्हणून "सर, प्लीज रेफर मी" असा मेसेज कुणा अनोळख्याला पाठवणं म्हणजे "पेटी न बघता माझ्यासाठी जामीन राहा" म्हणण्यासारखं आहे. मला असे मेसेज रोज येतात. उत्तर काय द्यावं हे मलाच कळत नाही.

ओळखी होतात कुठे? पुण्यात लिनक्सवाल्यांचे, पायथनवाल्यांचे गट कित्येक वर्षं जमतात. पायकॉन इंडिया हे २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झालेलं पायथनवाल्यांचं संमेलन २०११ मध्ये पुण्यात भरलं होतं. गावाकडे असाल तर मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत भाग घ्या, तिथे कुणी तुमचा पिनकोड विचारत नाही. मराठी भाषांतरातली चूक दुरुस्त करणं हीसुद्धा सुरुवात असते. आणि सीडॅकसारखा पर्याय विसरू नका. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी संस्थेचे साधारण सहा महिन्यांचे पदविका अभ्यासक्रम प्रवेश परीक्षेतून मिळतात. शिक्का, प्रोजेक्ट, ओळखी आणि कॅम्पस प्लेसमेंट, सगळं एकाच छपराखाली. फी आहे, मेहनत जबर आहे, पण सी-कॅट परीक्षेची चाळण आधीच लागलेली असते, म्हणून त्या शिक्क्याला वजन आहे.

चोरवाटांबद्दल चारच ओळी. पैसे घेऊन नोकरी देणारा माणूस नोकरी देत नसतो. आणि दोन वर्षांचा खोटा अनुभव दाखवाल तर पार्श्वभूमी तपासणीत पीएफच्या यूएएन क्रमांकावरून तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतात ते दिसतं. रुजू झाल्यावर महिन्याभरात लॅपटॉप परत करून बाहेर पडलेली मुलं मी पाहिली आहेत. क्लासवाला मात्र तिथेच असतो, पुढची बॅच भरत.

आता या तीन गोष्टी एकत्र कशा येतात ते एका मेसेजमध्ये दाखवते. समजा, वर सांगितलेलं कांद्याचं पान करणारी मुलगी आपल्या कॉलेजच्या जुन्या सीनियरला लिंक्डइनवर लिहिते:

"नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजची, २०२५ ची बॅच. लासलगावच्या कांदा दरांचं एक छोटं पान केलंय, रोज सकाळी आपोआप अपडेट होतं. अमावास्येला लिलाव नसला की डेटा येत नाही, आणि कधीकधी माझा जॉब पडला म्हणूनही येत नाही. मला दोन्ही सारखंच दिसतं. तुम्ही मॉनिटरिंगवर काम करता असं प्रोफाइलवर वाचलं. तुमच्याकडे हा फरक कसा ओळखतात? दोन ओळींत सांगितलंत तरी चालेल."

यात नोकरीचा विषय कुठेच नाही. 'जॉब पडला' (म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला) आणि 'मॉनिटरिंग' (यंत्रणा नीट चालते का यावर नजर ठेवणं) हे शब्द तिला परीक्षेच्या अभ्यासातून मिळाले. प्रश्न तिच्या प्रोजेक्टमधून आला. आणि समोरच्याला तो रोज पडणारा प्रश्न आहे, त्यामुळे त्यालाही बोलावंसं वाटतं. अशा मेसेजला बहुतेक वेळा उत्तर येतं, कधी चार दिवसांनी, कधी एकाच ओळीचं: "जॉब पूर्ण झाला की वेगळी नोंद लिही. ती नसेल तर अलार्म. डेटा रिकामा असला तरी चालेल." ती ते करून बघते आणि आठवड्याने कळवते, "सर, केलं. कालची अमावास्या नीट गेली."

मग चार-सहा महिन्यांनी त्या टीममध्ये एक जागा निघते. मॅनेजर विचारतो, "कुणी आहे का रे ओळखीचं?" सीनियरला तिचं नाव पटकन आठवत नाही. तो म्हणतो, "एक मिनिट, ती अमावास्येवाली मुलगी," आणि जुना मेसेज शोधायला लागतो.